केसच तर गेलेत ना!

२०२४ सरता सरता बुलडाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतल्या लोकांच्या डोक्याला खाज सुटायला लागली. एक-दोन दिवसांत केसांतून हात फिरवला की मूठभर केस हातात यायचे आणि तिसऱ्या दिवसापर्यंत कित्येकांचं डोकं तुळतुळीत व्हायचं. आठ वर्षांच्या पोरापासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सगळे त्यात होते. बायका-मुलीही होत्या. जानेवारीत ही बातमी मुंबई-पुण्याच्या वाहिन्यांवर पोचली तेव्हा तिला नाव मिळालेलं होतं, ‘टक्कल व्हायरस’. कुठल्याही प्रयोगशाळेनं विषाणू सापडल्याचं सांगितलेलं नव्हतं. पण नाव गमतीचं होतं, म्हणून ते चिकटलं. मग मोबाइलवर विनोदही फिरले.

शेगावचा हा भाग खारपाणपट्ट्यातला. तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला, आणि पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर निघालंही. मग कुणी बुरशी म्हणालं, कुणी शाम्पू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं पथक आलं, ‘एम्स’चे डॉक्टर आले, रक्त, लघवी, केस, पाणी, माती यांचे नमुने गेले. तोवर १८ गावांत पावणेतीनशेच्या वर लोकांचे केस गेले होते. विंचूदंशावरच्या कामासाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर स्वतःहून या गावांत गेले. रेशनच्या दुकानातून आलेल्या गव्हात सेलेनियमचं प्रमाण स्थानिक गव्हाच्या सुमारे ६०० पट आहे, असा निष्कर्ष त्यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये मांडला. त्यांच्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात सेलेनियम ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट वाढलेलं निघालं. सेलेनियम शरीराला अगदी किंचित लागतं. ते जास्त झालं की आधी केस जातात, मग नखं. एप्रिलमध्ये त्याच गावांतून नखं गळून पडल्याच्या बातम्या आल्या.

बावस्करांनी आणखी एक गोष्ट नोंदवली होती, तिच्याकडे फार कुणाचं लक्ष गेलं नाही. फटका बसलेल्यांत कॉलेजातली मुलं आणि तरुण मुली पुष्कळ होत्या. लाजेनं त्यांचं शिक्षण अडलं, आणि काहींची ठरलेली लग्नं मोडली. केस बहुतेकांचे काही आठवड्यांत परत उगवू लागले. मोडलेली सोयरीक तशी परत उगवत नाही. या प्रकरणावर झालेली चर्चा गहू कुठून आला, पाणी कुणी तपासलं आणि अहवाल कधी येणार, यांभोवतीच फिरत राहिली. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण ज्या मुलीनं महिनाभर डोक्यावरून ओढणी काढली नाही, तिच्याबद्दल आपण काय बोललो? ‘केसच तर गेलेत, येतील परत.’ धीर द्यायला म्हणून बोललेलं हे वाक्य केस गेलेल्या माणसाला फार एकटं पाडतं, कारण त्यात त्याच्या दुःखाला दुःख म्हणण्याचीच मनाई असते.

हे एकटेपण घरात कसं वाढतं, ते बाईच्या बाबतीत पाहावं. एके दिवशी वेणीचं रबर बोटांना वेगळं लागतं. पूर्वी ते दोन वेढ्यांत घट्ट बसायचं, आता चार घ्यावे लागतात. मग मोरीच्या जाळीवर नजर जाते. न्हाऊन झालं की तिथे अडकलेला पुंजका उचलायचा, त्याची गोळी करून कागदात गुंडाळायची आणि घरच्यांच्या नजरेस पडणार नाही अशी टाकायची. भांग आरशात रोज थोडा रुंद दिसू लागतो. बदलून उजवीकडून पाडून पाहिला जातो. ट्यूबलाइटच्या अगदी खाली बसणं टाळलं जातं. लग्नसमारंभात गजरा माळायचा तर पिन कशात अडकवायची, हा प्रश्न येतो आणि गंगावनाचा आधार घ्यावा लागतो. पुढे लग्नसमारंभच नको वाटतात. यातलं काहीही ती कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘लोकांना काय काय आजार होतात, आणि तू केसांचं काय घेऊन बसलीस?’

पुरुष वेगळ्या वाटेनं त्याच ठिकाणी पोचतो. केस कापणारा मामा सहज बोलून जातो, ‘वरचे विरळ झालेत, साहेब’, आणि साहेब पुढच्या महिन्यात दुसरं दुकान शोधतात. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत उभं राहायचं, कुणी गॅलरीतून फोटो काढत असेल तर खाली वाकायचं नाही, पावसात भिजायचं नाही, पोहायला जायचं नाही. दुचाकीवरून उतरल्यावर हेल्मेट काढायचं ते आडबाजूला, कारण चापूनचोपून बसवलेली बट जागेवरून हललेली असते. अशा बारीकसारीक युक्त्यांत रोजचा किती वेळ जातो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

माणसाच्या डोक्यावर साधारण लाखभर केस असतात आणि त्यातले ५० ते १०० रोज गळतात. निरोगी माणसाचेही गळतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, मग तीनेक महिने नुसता थांबून राहतो आणि गळतो. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, कडक उपास किंवा घरातला मृत्यू असा काही धक्का बसला की एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदमच या थांबलेल्या अवस्थेत जातात. परिणाम दिसतो दोन-तीन महिन्यांनी. तोवर माणूस ताप विसरलेला असतो. कोविडच्या दोन लाटांनंतर त्वचारोगतज्ज्ञांकडे जी गर्दी उसळली, तिच्यात अशांचा भरणा मोठा होता. आजार बरा होऊन दोन-तीन महिने उलटले आणि आता उशीवर केसांचा थर. हे प्रकरण सहसा सहा महिन्यांत आपोआप निवळतं. पण ते कुणी आधी सांगितलेलं नसतं, म्हणून माणूस घाबरतो, झोप उडते, तेलं-शाम्पू बदलून बदलून हैराण होतो आणि रोजचे केस मोजायला लागतो. मोजणारा कधीच समाधानी होत नाही.

चाई हा याहून विचित्र प्रकार. रात्री झोपताना डोकं ठीक होतं आणि सकाळी रुपयाच्या नाण्याएवढा गुळगुळीत गोल दिसतो. दाढीत, भुवईतही पडतो. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटते, म्हणून हे होतं. दर १०० माणसांत साधारण दोघांना आयुष्यात कधी ना कधी चाई पडते, म्हणजे हा काही दुर्मीळ आजार म्हणता येणार नाही. तो संसर्गजन्य नाही. कुणाच्या कंगव्यानं येत नाही, कीड केस खात नाही आणि पाल अंगावरून गेल्यानंही होत नाही. तरी चाई पडलेल्या पोराला वर्गात मागच्या बाकावर एकटं बसवलं जातं. मुलगी असेल तर अनेक शाळांत दोन वेण्या आणि लाल रिबिनी सक्तीच्या असतात. अशा शाळेत टोपी घालून जायचं तर मुख्याध्यापकांची परवानगी, वर्गशिक्षिकेची परवानगी, आणि मधल्या सुट्टीत कुणीतरी ती टोपी ओढणार याची खात्री. दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं हे कसं पेलायचं?

चाई असलेल्यांत चिंता आणि नैराश्य जास्त आढळतं, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. उलटही दिसतं. नैराश्य असलेल्यांना चाई होण्याची शक्यता वाढते. यातून आपल्याकडे एक सोपा निष्कर्ष काढला जातो, ‘टेन्शन घेऊ नकोस, म्हणून गळतात.’ सल्ला वरवर मायेचा आहे. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून एवढंच कळतं, की केस गेले हा आपलाच दोष, आपण मनानं कच्चे. म्हणजे आधी केस गेल्याचं दुःख, त्यावर ते दुःख झाल्याचा अपराधीपणा. शेजारणी कांद्याचा रस सुचवतात, मामा जास्वंदीचं तेल पाठवतो, आणि गुण आला नाही की ‘नियमित लावलं नसशील’ असं ऐकावं लागतं.

पुरुषांच्या टकलावरचा विनोद तर आपल्याकडे परवाना मिळाल्यासारखा चालतो. जाड माणसाला जाड्या म्हणताना आता निदान शहरात जीभ थोडी अडखळते, पण ‘टकल्या’ म्हणताना कुणाची अडखळत नाही. कारण ‘तो मनाला लावून घेत नाही’ अशी सर्वांची समजूत असते. आणि त्याला लावून न घेण्याचं नाटक वठवावंच लागतं, नाहीतर टक्कल अधिक रुसवा अशी दुहेरी टवाळी पदरात पडते. इंग्लंडमध्ये एका कारखान्यातल्या विद्युत तंत्रज्ञानं, साहेबानं आपल्याला टकल्या म्हणून शिवी दिली याची तक्रार केली आणि २०२२मध्ये शेफिल्डच्या रोजगार न्यायाधिकरणानं तो लिंगाधारित छळ ठरवला. टक्कल पुरुषांत कितीतरी जास्त आढळतं, तेव्हा त्यावरून केलेला अपमान पुरुष असण्याशी जोडलेला आहे, असा त्यांचा तर्क. निकाल देणारे तिघंही पुरुष होते, आणि याला आमची डोकीच साक्षी आहेत अशा अर्थाची टिप्पणी त्यांनी निकालपत्रातच करून टाकली. त्याच वर्षी मार्चमध्ये ऑस्करच्या मंचावर ख्रिस रॉकनं जेडा पिंकेट स्मिथच्या उघड्या डोक्यावरून विनोद केला आणि तिच्या नवऱ्यानं, विल स्मिथनं, मंचावर जाऊन त्याच्या मुस्कटात मारली. थपडेवर जगभर महिनाभर चर्चा झाली. आपले केस जात आहेत आणि त्याची धास्ती वाटते, हे जेडानं २०१८मध्येच जाहीरपणे सांगितलं होतं. त्यावर चर्चा करायला मात्र कुणाला वेळ मिळाला नाही.

उघडं डोकं दिसायला वाईटच, असं मुळी नाहीच. तिरुपतीला हजारो माणसं रोज हौसेनं मुंडण करून घेतात, त्यात बायकाही असतात, आणि परतताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान असतं. अमेरिकेत व्हार्टन बिझनेस स्कूलच्या आल्बर्ट मॅनेस यांनी २०१२मध्ये एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. एकाच पुरुषाचे दोन फोटो, एक केसांसकट आणि दुसऱ्यात संगणकावर केस काढून टाकलेले. पाहणाऱ्यांना बिनकेसांचा माणूस इंचभर उंच आणि १३ टक्के अधिक ताकदवान वाटला. विरळ केसांच्या माणसाला मात्र सगळ्यांत कमी गुण मिळाले. म्हणजे ज्यानं स्वतःच्या हातानं डोकं साफ केलं तो दमदार, आणि ज्याचं आपोआप साफ होत चाललंय तो बिचारा! फरक केसांच्या संख्येत नाही. हे माझ्या मर्जीनं झालं की मर्जीविरुद्ध, इथे तो आहे.

मर्जीविरुद्ध केस काढण्याचा आपला इतिहासही काही जुनापुराणा नाही. नवरा गेला की ब्राह्मण घरांत बाईचं केशवपन व्हायचं, तेही वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा. तिनं कुणाला आवडू नये, कुणी तिच्याकडे पाहू नये, हा त्याचा उघड हेतू होता. म्हणजे केस गेले की बाईचं समाजातलं स्थान जातं, हे तेव्हाच्या समाजाला पक्कं ठाऊक होतं आणि शिक्षा म्हणून त्यानं ते वापरलं. १८९०मध्ये मुंबईत शेकडो नाभिक एकत्र आले आणि यापुढे विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही असं त्यांनी ठरवलं. सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. ज्यांच्या हाती वस्तरा होता त्यांना त्या बायकांचं दुःख कळलं, आणि ज्यांच्या घरात त्या बायका राहत होत्या त्यांना कळायला आणखी बराच काळ लागला. आज विधवेचं मुंडण कुणी करत नाही. पण आजारानं केस गेलेली बाई हळदीकुंकवाला आली की कुजबुज होते. त्या कुजबुजीची मुळं त्याच जुन्या घरात आहेत, असं म्हणायला जागा आहे.

लग्नाच्या बाजारात हे सगळं रोकड्या व्यवहारात उतरतं. मीरा रोडला २०२०मध्ये एका नवविवाहितेनं नवऱ्यानं टक्कल लपवून विग लावून लग्न केलं, अशी पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली. तिची बाजू समजण्यासारखी आहे, लपवाछपवी ती लपवाछपवीच. पण एखादा शिकलासवरलेला माणूस साखरपुड्यापासून लग्नापर्यंत अहोरात्र धाकात राहतो, डोक्यावरचा टोप सरकला तर काय या भीतीनं, तर ही भीती त्याच्या डोक्यात कुणी घातली? या तक्रारीच्या आदल्या वर्षी हिंदीत या विषयावर एकामागून एक तीन चित्रपट आले. मार्चमध्ये ‘गॉन केश’, नोव्हेंबरमध्ये आठवड्याच्या अंतरानं ‘उजडा चमन’ आणि ‘बाला’. पुरुषांचे दोन धूमधडाक्यात लागले, त्यांच्यात कथाचोरीवरून कोर्टकज्जाही झाला. मुलीचे केस जाण्याची गोष्ट सांगणारा ‘गॉन केश’ कधी आला आणि कधी गेला, ते फार थोड्यांना कळलं. हे अगदीच योगायोगानं झालं असेल असं वाटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ थॉमस कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये केस विरळ होणाऱ्या स्त्रिया आणि पुरुष यांची तुलना केली, तेव्हा स्त्रियांना होणारा त्रास स्पष्टपणे जास्त आढळला होता. टकला नायक विनोदी ठरू शकतो. टकली नायिका पडद्यावर आली तर प्रेक्षकाला हसावं की रडावं ते कळत नाही.

आणि जिथे कुढणारा माणूस असतो तिथे दुकान आलंच. औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं यांच्या १९४५च्या नियमांत ‘जे’ नावाची एक अनुसूची आहे. कोणते आजार बरे करण्याचा दावा औषधानं करू नये, याची ती यादी. त्या यादीत टक्कल आहे, आणि नवे केस उगवणंही आहे. ही यादी हातात धरून संध्याकाळी तासभर कुठलीही वाहिनी पाहावी, किंवा एसटी स्टँडच्या भिंतींवरून नजर फिरवावी. २०२१च्या सुरुवातीला केरळात त्रिशूरच्या ग्राहक न्यायालयानं केस वाढवणाऱ्या एका मलमाच्या कंपनीला आणि त्याची जाहिरात करणाऱ्या अभिनेत्याला प्रत्येकी दहा हजार रुपये दंड केला. अभिनेत्यानं ते मलम स्वतः वापरलेलंच नव्हतं. तक्रारदाराचं दुखणं पैशांइतकंच थट्टेचं होतं. त्यानं मलमाला पैसे घातले आणि घरचे-दारचे त्याला हसले.

मलमानं निदान जीव जात नाही. मुंबईत २०१९मध्ये एका व्यावसायिकाचा केशारोपणानंतर दोन-तीन दिवसांत मृत्यू झाला. एकाच बैठकीत त्याच्या डोक्यावर हजारो केसमुळं बसवली होती. दिल्लीतही असाच एक मृत्यू झाला आणि तिथल्या उच्च न्यायालयानं विचारणा केल्यावर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२च्या सप्टेंबरमध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेला हजेरी लावून किंवा यूट्यूबवर बघून केशारोपण शिकता येत नाही, असं देशाच्या सर्वोच्च वैद्यकीय संस्थेला त्यात लेखी सांगावं लागलं. सूचना निघाल्यानंतरही २०२५मध्ये कानपूरहून केशारोपणानंतरच्या मृत्यूंच्या बातम्या आल्याच. ज्या माणसानं कर्ज काढून, घरच्यांना न सांगता हे करून घेतलं, त्याला ‘हौशी’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इतका धोका पत्करायला तो तयार झाला, यावरून त्याचा रोजचा दिवस कसा जात असेल ते ताडायला हवं होतं.

टक्कल थोपवण्याच्या गोळीची कथा तर मनाच्या विषयाशी थेट जोडलेली आहे. फिनास्टेराइड हे औषध १९९७मध्ये अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झालं. अनेकांना ते लागू पडतं. मे २०२५मध्ये युरोपीय औषध संस्थेनं उपलब्ध पुरावे तपासून आत्महत्येचे विचार हा त्याचा दुष्परिणाम असल्याचं नक्की केलं. नोंदले गेलेले बहुतेक रुग्ण टकलासाठी एक मिलिग्रॅमची गोळी घेणारे होते. हे किती जणांना होतं ते ठरवता आलं नाही, आणि फायदा धोक्यापेक्षा जास्त आहे असंही संस्थेनं म्हटलं. पण गोळीच्या पाकिटात रुग्णासाठी इशाऱ्याचं कार्ड घालायला सांगितलं. मन उदास झालं तर गोळी थांबवा आणि डॉक्टरांना भेटा, असं त्याचं सांगणं. आपल्याकडे ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळायला हवी. प्रत्यक्षात मोबाइलवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की महिन्याचा डबा घरपोच येतो. केस गळतात म्हणून आधीच खचलेला विशीतला मुलगा ती घेतो आणि आणखी उदास झाला तर त्याला वाटतं, हे केसांमुळेच. घरच्यांना गोळीचा पत्ता नसतो. अशा वेळी नैराश्याचा इतिहास आहे का, घरात कुणी बोलायला आहे का, एवढे दोन प्रश्न आधी विचारायला कुठल्या यंत्राची गरज नाही. त्वचारोगतज्ज्ञाच्या बाहेरच्या खोलीत ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लावलेला असला तरी पुष्कळ झालं. तिथे मराठीतही बोलता येतं, आणि फुकट.

सगळ्यांत जास्त गप्प बसवलं जातं ते मात्र कर्करोग झालेल्या बाईला. तिच्यापुढे जिवाचा प्रश्न आहे, मग केसांचं नाव काढणंही तिला स्वार्थी वाटतं. किमोची पहिली सलाइन लागल्यावर दोन-तीन आठवड्यांनी केस जायला सुरुवात होते, आणि डोक्याबरोबर भुवया आणि पापण्याही जाऊ शकतात. आरशातला चेहराच ओळखू येईनासा होतो. तोवर आजाराची गोष्ट चार भिंतींत होती, आता ती जिन्यातल्या प्रत्येकाला कळते. स्तन काढावा लागला ते कपड्याखाली झाकता आलं, डोकं कसं झाकायचं, असं बोलणाऱ्या बायका कुठल्याही कर्करोग रुग्णालयात भेटतात. पाहणीत असं आढळलं आहे, की केस जाण्याच्या भीतीनं १०० पैकी आठपर्यंत स्त्रिया किमोलाच नकार द्यायच्या बेतात असतात. आठ हा आकडा लहान वाटत असेल तर तो वॉर्डातल्या खाटांवर मोजून पाहावा. औषध पोचतं, डॉक्टर असतात, पैसेही कुठूनतरी उभे राहतात, आणि उपचार अडतो तो इथे.

यावर काहीच करता येत नाही, असंही नाही. किमो चालू असताना डोकं थंड ठेवणारी एक टोपी असते. थंडीनं टाळूच्या रक्तवाहिन्या आकसतात, केसांच्या मुळांपर्यंत औषध कमी पोचतं. मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयानं भारतीय रुग्णांवर याची रीतसर चाचणी घेतली आणि २०२०मध्ये ती प्रसिद्ध झाली. टोपी घातलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींचे केस टिकले, न घातलेल्या गटात एकीचेही टिकले नाहीत. यंत्र महाग आहे, दर वेळी जादा तास बसावं लागतं, डोकं गारठतं आणि सगळ्याच औषधांवर ते चालत नाही. तालुक्याच्या गावी ते इतक्यात पोचणार नाही, हेही खरं.

टोप मात्र पोचू शकतो. भारत मानवी केस परदेशी धाडणाऱ्या देशांत अग्रभागी आहे. तिरुपती देवस्थान भक्तांनी वाहिलेल्या केसांचा लिलाव करून वर्षाला कोट्यवधी रुपये मिळवतं आणि त्यातले लांब केस युरोप-अमेरिकेत टोप होऊन बसतात. केस इथले, आणि इथल्याच बाईला टोप परवडत नाही. साधा कृत्रिम केसांचा काही हजारांत येतो, खऱ्या केसांचा त्याच्या अनेक पट. फ्रान्समध्ये २०१९पासून किमोच्या रुग्णाला ३५० युरोंपर्यंतच्या टोपाचे पूर्ण पैसे सरकारी आरोग्य विमा देतो. जपानमध्ये अनेक नगरपालिका आणि प्रांत त्यासाठी अनुदान देतात. आपल्याकडे काही स्वयंसेवी संस्था दान आलेल्या केसांचे टोप करून गरजू रुग्णांना फुकट देतात आणि त्यांच्याकडे मागणी नेहमीच पुरवठ्याच्या पुढे असते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किमोचा खर्च मिळतो, त्या पॅकेजमध्ये दोन-चार हजारांचा कृत्रिम टोप बसवायला नवा कायदा लागत नाही, शासन निर्णयातली एक ओळ पुरते. सोबत पहिल्या सलाइनच्या आधीच नर्सनं पाच मिनिटं बसून सांगावं, की केस साधारण कधी जातील, आधी बारीक कापून घेतले तर कसं, आणि उपचार संपल्यावर तीन ते सहा महिन्यांत परत येताना ते कदाचित कुरळे येतील.